वहीतला हात

बन्सी मुंबईहून आला आणि आल्या दिवशीच माझ्याशी खोटं बोलला.

मी विचारलं, "काय रे, त्या वहीत काय आहे?" तर म्हणतो, "काही नाही वहिनी, झाडं, पाखरं." आणि वही पटकन उशीखाली सरकवली. आता झाडं-पाखरं कोणी उशीखाली लपवतं का? मी या घरात सून म्हणून आले तेव्हा हा माझा देर, म्हणजे धाकटा दीर, तीन वर्षांचा होता, नाक पुसायची अक्कल नव्हती. सासूबाई वर्षभरात गेल्या. त्यानंतर याला भरवलं मी, न्हाऊ घातलं मी आणि बदडलं तेही मीच. खोटं बोलला की याचे कान लाल होतात हे मला नाही कळणार तर कोणाला? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको. माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली होती. मला देवाकडून भीक मागून घेतली म्हणून नाव पडलं भिकू. जिच्याकडे पाळण्यात असल्यापासून ‘ही तरी राहते का’ असं बघितलं गेलं, ती दुसऱ्यावर भरवसा ठेवायला कुठून शिकणार? मांजर डोळे मिटून बसलं असलं तरी मी दुधाचं भांडं उघडून बघते.

ते साल छत्तीस. बन्सी मुंबईच्या चित्रांच्या शाळेत तिसऱ्या वर्षाला होता. पुस्तकात, मासिकात गोष्टीच्या शेजारी चित्र असतं ना, ते काढायचं शिक्षण. गावात हे कोणाच्या डोक्यात शिरायचं नाही. आमचे नवलसिंग पाटील त्याला म्हणाले, "म्हंजे देवाच्या तसबिरी काढस का?" हा म्हणाला, "नाही काका, गोष्टींची चित्रं." पाटील म्हणाले, "गोष्ट सांगी दिधी, मंग चित्र कशाले लागस?" यावर बन्सी नुसता हसला. तीन वर्षं मुंबईत राहून याला एवढंही उत्तर देता येईना, म्हणजे तिथं शिकवतात तरी काय, असं मला वाटून गेलं.

सुट्टीत मास्तरांनी दोन कामं दिली होती. एक म्हणजे दिसेल ते काढून शंभर पानं भरायची. दुसरं म्हणजे बारा चित्रांचं एक पुस्तक आपल्या हातानं तयार करायचं, शिवून, बांधून, वर पुठ्ठा लावून. ते कसलं पुस्तक, हे मात्र सांगायचं नाव नाही. विचारलं की, "झालं की दाखवीन."

मग घरात त्याचे उद्योग सुरू झाले. कपाशीच्या काड्या मातीत लिंपून माझ्या चुलीत खुपसायचा आणि त्यांचा कोळसा करून त्यानं रेघा ओढायचा. कोळशाची रेघ पुसायला मुंबईत म्हणे पावाचा मऊ भाग घेतात. इथं पाव कुठला? त्यानं माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन बघितली. कागदाला उडदाचा काळा पट्टा पडला आणि हा डोकं धरून बसला. मी म्हटलं, "अन्नानं कागद पुसतोस, वर तोंड वाकडं करतोस!" पहाटे गोठ्यात बैलांसमोर बसायचा. पेन्सिल धरून हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि बैल मोजायचा. ते बघून वरच्या आळीत बातमी उठली की छगनभाऊंचा भाऊ सरकारी मोजणीवाला होऊन आलाय, आता सारा वाढणार. दोन दिवस लोक त्याला बघून बांधाच्या पलीकडून जात होते. छगनभाऊ म्हणजे आमचे घरधनी. नाव दुसऱ्यांच्या तोंडचं आहे म्हणून सांगते, मी घेत नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण दुपारी जेवण झालं, सगळे आडवे झाले की बन्सी वही घेऊन गुल व्हायचा. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि मागून गेले.

आमच्या घरामागं कौसाबाईचा गोठा आहे. गोठ्याला टेकून निंबाचं झाड. त्या सावलीत हा भिंतीला पाठ लावून बसला होता, वही मांडीवर, आणि मान वर-खाली, वर-खाली. त्याच परसात दहा पावलांवर कौसाबाईची सून निर्मला गोवऱ्या थापत होती. एकोणीस वर्षांची पोर, लग्नाला दीड वर्ष. डोक्यावर पदर, पण दंडापर्यंत हात उघडे, शेणानं भरलेले.

मी तशीच पावलं न वाजवता मागं फिरले. घरात येऊन मी रोजच्यासारखे मागच्या दारात बसून तांदूळ निवडायला घेतले, म्हणजे तो कधी उठतो तेही कळेल. चांगला तासभर बसला होता मेला.

चार दिवसांनी तो तोरणमाळला निघाला. शहाद्यापर्यंत गाडीनं, पुढं चढ पायी. डोंगर काढायचे होते म्हणे. जाताना नवी कोरी वही घेतली. जुनी नेली नाही, हे मी बरोबर हेरलं. तो वेशीबाहेर गेला असेल-नसेल, मी त्याच्या अंथरुणाची घडी उलटली. वही तिथंच होती.

मी ती उघडली. आणि खरं सांगते, मला राग आला, इतकं ते सुंदर होतं. सगळ्या पानांवर हात. भाकरी थापणारे हात, बोटांच्या फटीतून पीठ उडतंय तेसुद्धा दिसत होतं. सूप पाखडणारे हात. दोर ओढणारे हात, शिरा तट्ट फुगलेल्या. वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडणारे हात. तोंड एकाही पानावर नाही. पदर, आणि पदराखालून निघालेले हात. आणि प्रत्येक उजव्या हातावर तेच गोंदण. तुळस, तुळशीखाली पाच ठिपके, मनगटाशी विंचू. विंचवाची नांगी डावीकडे वळलेली.

आता हे समजायला आमची रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे सुनेचं तोंड कोणी बघत नाही. सासरा, जेठ म्हणजे थोरला दीर, गावचे मोठे, सगळ्यांसमोर हनुवटीपर्यंत पदर. विहिरीवर पंधरा जणी उभ्या असल्या तर पंधरा गाठोडी उभी असल्यासारखं दिसतं. मग आम्ही बायका एकमेकींना ओळखतो त्या हातांवरून, गोंदणावरून. गोंदण माहेरचं असतं. प्रत्येक गावची गोंदणारीण वेगळी, तिची सुई वेगळी. आमच्या सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत जी गोंदायला बसायची ती डावखुरी होती, म्हणून तिच्या विंचवाची नांगी नेहमी उलटी वळायची. अशी नांगी दिसली की समजायचं, पोर सारंगखेड्याची. आणि या गावात सारंगखेड्याच्या आम्ही दोघीच. एक मी आणि दुसरी निर्मला.

माझा तर प्रश्नच नव्हता. माझं गोंदण अठरा वर्षं राख, शेण आणि गरम पाणी खाऊन हिरवट-पुसट झालेलं, शेवाळ धरल्यासारखं. वहीतलं काळंभोर होतं. आणि तो हात! असा हात तरण्या पोरीचाच असणार. मी वही मिटली, ओच्यात घातली आणि मागच्या दारानं सरळ कौसाबाईकडे गेले.

बन्सी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं, असं आज मला कोणी विचारलं तर एवढंच सांगेन. थांबणं माझ्या रक्तातच नव्हतं. शिवाय मला वाटत होतं की मी माझ्या पोराला वाचवतेय. त्या पोरीनं त्याला नादी लावलं, हे मी मनात ठरवूनच गेले होते.

कौसाबाई ओसरीत शेवया वाळत घालत होती. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती. मी म्हटलं, "कौसाबाई, तुमची सून दुपारची कुठं असते?"

"आठेच ऱ्हास. कसं काय?"

मी बन्सीची वही तिच्यासमोर धरली आणि तो रोज दुपारी तुमच्या निंबाखाली बसतो, हे सांगितलं. तिनं पानं उलटली. एका पानावर थांबली. मग वर बघून म्हणाली, "हाई गोंदनं ते तुम्हना गावनं शे." माझ्या हाताकडे बघितलं आणि हसली. "तुन्हा ते नही. तुले कोन काढी, भिकू!"

मीही हसले. "माझं कुठं दिसतंय आता?"

तिनं निर्मलाला हाक मारली. ती हात पुसत आली. कौसाबाईनं तिचं मनगट धरून वहीवर आपटलं आणि ठिपके मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. तुळस. विंचू. नांगी डावीकडे. "हातना कांकनले आरसा कशाले?" ती म्हणाली. "आते बोल."

निर्मलाला आधी काही कळेचना. मग कळलं तशी तिनं हात सोडवून घेतला. "मी नही व माय. मी त्याना संगे कव्हय बोलनू बी नही." माझ्याकडे वळली. "आक्का, तुम्ही सांगा ना!"

मी काय सांगणार होते? मी तर सांगायलाच आले होते. म्हटलं, "आगीशिवाय धूर निघत नाही, बाई." आणि वही घेऊन घरी आले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. माझ्या एका वाक्याची दहा वाक्यं झाली. गोठ्यामागं दोघं रोज भेटतात. त्यानं तिला मुंबईला न्यायचं कबूल केलंय. तो तोरणमाळला गेला नाही, पळाला. पळाला असेल, हे शेवटचं मलाही खरंच वाटायला लागलं. निर्मलाचा नवरा दोधू तसा गरीब माणूस, वर मान करून न बोलणारा. तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन वेशीवर जाऊन बसायला लागला. "येऊ द्या त्याले," एवढंच म्हणायचा.

आमच्या घरधन्यांनी मला एकच विचारलं, "वही तूच दखाडी ना?" मी हो म्हटलं. ते जेवले आणि शेतात गेले. ते तसेच आहेत. त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांच्या पोटालाही ठाऊक नसतं.

आणि कौसाबाईनं आपला निकाल लावला. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात. भाऊ मुराळी म्हणून गाडी घेऊन येतो, बहिणीला घेऊन जातो, चार दिवस ती झोके खेळते, गाणी म्हणते, मग सासरहून कोणी जाऊन तिला परत आणतं. कौसाबाईनं पाटलांच्या ओट्यावर जाऊन सांगितलं की निर्मलाचा भाऊ आखाजीच्या आदल्या दिवशी येतोय, तो तिला घेऊन जाईल, पण इकडून आणायला कोणी जाणार नाही. म्हणजे टाकली. एकोणिसाव्या वर्षी. टाकलेल्या बाईला माहेरी भावजय कसं वागवते ते कोणाला सांगायला नको.

मी स्वतःला बजावत होते, बरोबर झालं, चूक तिची आहे. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले आणि तिथं जे बघितलं ते मला बरं वाटलं नाही. भरलेला हंडा डोक्यावर घ्यायला शेजारणीचा हात लागतो, तो कोणीही कोणालाही देतं, भांडण असलं तरी देतं. निर्मला हंडा भरून वाट बघत उभी होती. एकीनंही हात दिला नाही. शेवटी तिनं तो गुडघ्यावर टेकवला, मग काखेला घेतला, अर्धं पाणी अंगावर सांडलं. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "आक्का, एक मातीन्या शेत आपुन. तुम्हीच करं हाई?"

मी म्हटलं, "माती एक असली तरी पीक वेगळं निघतं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती निघून गेल्यावर मी रिकामाच हंडा घेऊन घरी आले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बन्सी आला. वेशीनं नाही, मागच्या शेतातून आला म्हणून दोधूच्या तावडीत सापडला नाही. उन्हानं काळाठिक्कर पडलेला, पायाला फोड, आणि हातात पळसाच्या पानांत बांधलेली चारोळी. "वहिनी, तुमच्यासाठी," म्हणाला. तोंडभर हसत होता. मी चारोळी भिरकावून दिली आणि वही त्याच्या छातीवर आदळली.

"कोणाचा हात आहे हा?"

त्यानं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही उघडलीत? मी पूर्ण झाल्यावर देणार होतो."

"कोणाचा हात आहे, बन्सी?"

"वहिनी, तुमचा."

मी त्याच्या थोबाडीत मारली. एकवीस वर्षांच्या, मिशा फुटलेल्या देराच्या. तो हलला नाही. गाल चोळत म्हणाला, "तुमचाच. या घरात दुसरा कोणाचा हात आहे?" मी त्याचे कान बघितले. कान लाल नव्हते.

"माझं गोंदण पुसलंय, आंधळ्या!"

"मी लहान होतो तेव्हा पुसलेलं नव्हतं. त्या विंचवावर बोट ठेवून झोपायचो मी, विसरलात? मला जसं आठवतं तसं काढलं."

"आणि त्या निंबाखाली काय करत होतास?"

"तिथून आपलं मागचं दार दिसतं. तुम्ही दारात बसून निवडता, पाखडता. समोर येऊन बसलो तर तुम्ही हात थांबवता आणि म्हणता, काय टकामका बघतोस. मग काय करणार? मास्तरांनी सांगितलं, ज्या घराचं पुस्तक करायचं ते घर जिच्या हातावर चालतं तिला काढा. तोंड काढलं असतं तर तुम्ही मला घरात घेतलं नसतं."

त्यानं माझा उजवा हात धरून वहीशेजारी ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी मला भाजल्याचा जुना डाग आहे, शिंपल्याएवढा. मी तो विसरूनही गेले होते. वहीतल्या प्रत्येक हातावर तो होता. कौसाबाईनं बघितला नव्हता, मी बघितला नव्हता. आम्ही दोघी नुसते ठिपके मोजत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी त्या पोरीच्या गळ्याला घातला होता. आणि का, तर इतका चांगला हात माझा असेल असं मला वाटलंच नाही म्हणून.

मला रडू आलं. भडभडून आलं. पण रडायला वेळ कुठं होता? बाहेरून कोणीतरी ओरडत गेलं की सारंगखेड्याची गाडी पाटलांच्या ओट्यासमोर उभी आहे.

बन्सीला सगळं सांगितलं तेव्हा तो लगेच पायताण घालायला लागला. मी त्याला खोलीत ढकलून कडी लावली. "तू गेलास तर दोधू तुझे पाय मोडेल. आणि ज्याच्यावर आळ आहे त्याच्या शब्दाला कोण विचारतं? म्हणतील, तिला वाचवायला आता भावजयीचं नाव घेतोय. घाण मी केलीय, मीच काढते." आतून तो दार वाजवत राहिला.

पाटलांच्या ओट्यावर सगळे पुरुष होते. पाटील मध्ये, दोधू खांबाला टेकून, आमचे घरधनीही कोपऱ्यात होते. खाली गाडी. गाडीत निर्मलाचं गाठोडं चढलेलं, तिचा भाऊ बैलांच्या तोंडाशी मान खाली घालून उभा. बायका भिंतीकडेला होत्या. मी हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि बायकांच्या ओळीत न थांबता थेट ओट्याच्या पायरीशी गेले. त्या पायरीशी गावची सून कधी उभी राहिलेली नव्हती. मी उजवा हात बाहेर काढून लांब केला, डाव्या हातानं वही उघडून धरली आणि म्हटलं, "या वहीतला हात निर्मलाचा नाही. माझा आहे. मी चुकले. तिला पाठवू नका."

कौसाबाई कडाडली, "देरले वाचाडी ऱ्हायनी ती! तिन्हं गोंदनं ते पुसाई गये!" भिंतीकडून कुजबुज सुरू झाली. एक आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "भावजयना हात? मंग ते आखो वाईट." मी तो आवाज कोणाचा ते ओळखलं, पण तेव्हा भांडायची वेळ नव्हती.

पाटील माझ्याशी बोलले नाहीत. परक्या बाईशी ते कसे बोलणार? त्यांनी वही मागवून घेतली, बराच वेळ बघितली आणि कोपऱ्याकडे वळले. "छगनभाऊ, अठरा वरीस व्हई ग्यात लगीनले. तुम्हीच सांगा. हाऊ तुम्हना घरना हात शे का?"

ते उठून आले. वही हातात घेतली. मी हात तसाच धरला होता. मला वाटलं, झालं, आता सुटली पोर. एक शब्द बोलायचा होता. त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, पुन्हा वहीकडे. भाकरी थापणारा हात होता त्या पानावर. रोज दोन वेळा तो हात त्यांच्यासमोर चालत होता.

"असंल," ते म्हणाले.

"असंल म्हनीसन भागाव नही," पाटील म्हणाले. "एक पोरना संसार शे."

घरधन्यांच्या कपाळावर घाम आला होता, हे मला पदरातूनही दिसलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माले नही सांगता येत."

ओट्यावर कोणीतरी खाकरलं. दोधूनं मान फिरवली. निर्मलाचा भाऊ गाडीचं जू उचलायला वाकला.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "थांब रे! ए निर्मला, इकडं ये!" ती हलेना, तशी मी जाऊन तिला दंडाला धरून आणली आणि तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. "पाटलांना सांगा, ठिपके मोजू नका. ठिपके दोघींचे सारखे. अंगठ्याखाली बघा म्हणावं. वहीत डाग आहे. कोणाच्या हातावर आहे तो?"

पाटलांनी खाली वाकून बघितलं. वही दोधूकडे दिली. दोधूनं बायकोचा अंगठा धरला, उलटापालटा केला, तिथं नुसतं शेण लागलेलं होतं. त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं तो पुसला आणि पुन्हा बघितलं. मग वही आईच्या हातात दिली. कौसाबाईनं ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, एक-एक पान उलटलं. सगळ्या पानांवर तो होता. शेवटी म्हणाली, "माले काय माहीत! भिकूनीच ते सांगं." हे मात्र खरं होतं.

पाटील म्हणाले, "आखाजी व्हयनी की दोधू सोता जाई नि बाईले लई येई." दोधूनं मान हलवली. तो रडत होता आणि तोंड लपवत नव्हता.

निर्मला गाडीत चढली. आता ती चार दिवसांसाठी जात होती. मी चाकाशी जाऊन उभी राहिले. मला तिचे पाय धरायचे होते, पण वयानं मोठ्या बाईनं पाय धरले तर तिलाच पाप लागेल म्हणून नुसती उभी होते. म्हटलं, "पोरी, माझ्या तोंडी लाग, दोन शिव्या दे." तिनं पदर बाजूला करून माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "आक्का, तुमना हात गुनी शे. जीभ नही." आणि भावाला म्हणाली, "हाक."

कौसाबाईकडून वही घेऊन मी घरी आले आणि बन्सीच्या खोलीची कडी काढली. तो वही घेऊन बसला. मी चूल पेटवली. दुपार टळून गेली होती, कोणाच्याच पोटात काही नव्हतं. घरधनी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी पदर सारखा केला आणि भाकरी थापायला घेतली. बायकांची कुजबुज त्यांनीही ऐकली होती. आता हे बन्सीबद्दल काहीतरी विचारणार, असं मनाशी धरून मी उत्तरं जुळवत होते. विचारलं तर काय सांगायचं, चिडायचं की रडायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. मला त्यांचाच संशय येत होता, की यांना माझा संशय येतोय.

मी भाकरी ताटात वाढली. त्यांनी ती मोडली नाही. माझा हात मागं घ्यायच्या आत त्यांनी तो बोटांनी धरला. दिवसाउजेडी, बन्सी पलीकडच्या खोलीत असताना. अंगठ्याखाली बघत राहिले.

"हाऊ डाग कव्हयना शे?"

"बन्सी सहा वरीसना व्हता तव्हयना," मी म्हटलं. "तवा उलटना व्हता."

"मी कथा व्हतू?"

मी सांगितलं, इथंच, याच पाटावर, माझ्यासमोर. भाजलेल्या हातानं मी दुसरी भाकरी वाढली, तेव्हा तुम्ही मीठ मागितलं होतं.